निर्णय चांगला होता की नशीब?



एक प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे आणि त्यासाठी आधी आमच्या घरची एक सहल सांगावी लागेल. सहल मोठी नव्हती. हिमाचलमध्ये चार दिवस, सात माणसे, एक फोर बाय फोर गाडी आणि दोन तंबू. कुणाला साधे खरचटलेसुद्धा नाही. तरीही परत आल्यापासून आमच्या घरात तिच्यावरून वाद चालू आहे. त्या वादात मी एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला आहेत. (आई अधूनमधून माझ्या बाजूला येते, पण काकांचा फोन चालू असला की नाही.)

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. संध्याकाळी तास-दीड तास लेखांचे मराठी भाषांतर करते. हे काम करताना ‘विवेक’, ‘अभय’, ‘समर्पण’ असे शब्द इतक्यांदा हाताखालून जातात की ते आपल्याला समजले आहेत असे वाटू लागते. ते समजलेले नाहीत, हे मला सिस्सू नावाच्या गावातल्या एका शेतात, मध्यरात्री कळले.

माझे काका चौदा वर्षांपासून चंदीगडला असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सात आसनी फोर बाय फोर गाडी घेतली आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात बर्फ येऊ लागला. डिसेंबरमध्ये आम्ही चौघे, म्हणजे आई, बाबा, आजी आणि मी, नाशिकहून गेलो. तिकडून काका, काकू आणि माझा नऊ वर्षांचा चुलतभाऊ. शहात्तर वर्षांच्या आजीला हिवाळ्यात हिमाचलला कशाला न्यायचे, असे आपल्याला वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण आजीचे कारण पक्के होते. लाहौलमध्ये तांदी नावाच्या ठिकाणी चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम होतो. दोन्ही बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी निघतात, तांदीला भेटतात आणि तिथून पुढे नदीचे नाव चंद्रभागा होते. तीच पुढे चिनाब. आजी पंचवीस-तीस वर्षे आषाढीला पंढरपूरला जात आली आहे. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे चंद्रकोरीसारखी वळलेली भीमा, हे तिला माहीत आहे. तरी नावाची दुसरी नदी भूतलावर आहे म्हटल्यावर तिला ती पाहायची होती. तिच्या मते त्या दोघी बहिणी. संगमाचे पाणी आणायला तिने एक छोटी बाटली घेतली होती, झाकणाला दोरा बांधून.

पूर्वी हा विचारही शक्य नव्हता. हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की लाहौलचा रस्ता कित्येक महिने तुटायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. ९.०२ किलोमीटर लांब, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर. आता मनालीत नाश्ता करून माणूस दुपारच्या आत लाहौलमध्ये असतो. बर्फ पडत असला की मात्र पोलीस बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर आणि चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर सोडतात. आपली गाडी त्या ‘फक्त’मध्ये बसते, याचा काकांना किती आनंद होता हे सांगायला नको.

पहिली रात्र आम्ही मनालीच्या वर एका गावात राहिलो. काकांनी गाडीतला स्पीकर लावला तेव्हा घरमालकीणबाई हसून म्हणाल्या, संक्रांतीनंतर आला असतात तर हे चालले नसते. त्या भागातल्या गोशाल आणि आसपासच्या गावांत मकरसंक्रांतीपासून बेचाळीस दिवस देव ध्यानाला बसतात अशी श्रद्धा आहे. तेवढे दिवस मोठा आवाज नाही, टीव्ही नाही, शेतीचे कामही नाही. “लोगों को बुरा नहीं लगता?” काकूने विचारले. “बुरा क्यों लगेगा? रुकना है तो रुकना है,” त्या म्हणाल्या. काकांनी स्पीकर बंद केला नाही, पण आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी सिस्सूला पोचलो. एका होमस्टेच्या खालच्या अंगाला, घोटाभर बर्फाखाली कडक झालेल्या शेतात तंबू ठोकले. होमस्टेच्या ताईंनी आजीला घरात झोपायचा खूप आग्रह केला. त्यांच्या खोलीत तंदूर होता. तिकडे तंदूर म्हणजे पत्र्याची शेगडी, जिचा पाइप छतातून बाहेर जातो. आजी म्हणाली, “सगळे बाहेर आणि मी एकटी आत? मग आले कशाला?” काकांची गॅसच्या छोट्या डब्यावरची शेगडी पेटेना. त्या डब्यातला ब्युटेन शून्याच्या खाली नीट वायूच होत नाही, हे काकांच्या तीन पानी यादीत नव्हते. शेवटी आईने नाशिकहून आणलेला कुकर ताईंच्या तंदूरवर चढला. त्या उंचीवर पाणी नव्वदच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकर नसता तर डाळ शिजलीच नसती. कुकर पाहून मनालीत हसलेल्या काकांनी दोनदा खिचडी घेतली.

जेवणानंतर ताईंनी आम्हाला एका लोखंडी अंगीठीत निखारे घालून दिले. बाहेर शेकायला. देताना सांगितले, “इसको अंदर मत ले जाना.” आम्ही शेकलो, चुलतभावाने पापड भाजला, आकाशात इतक्या चांदण्या होत्या की बाबा अर्धा तास काहीच बोलले नाहीत. मग झोपायची वेळ झाली. तापमान उणे दहाच्या आसपास. आजीचे पाय बर्फासारखे झाले होते. काकूने अंगीठी उचलली आणि आमच्या, म्हणजे बायकांच्या तंबूत आणून कोपऱ्यात ठेवली.

मला माहीत होते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, या बातम्या मी वाचलेल्या होत्या. मी म्हणाले, “काकू, बाहेर ठेवू या का?” काकू म्हणाली, “अगं, चेन उघडी ठेवलीय थोडी. आजींचे पाय बघ.” मी बरं म्हणाले आणि झोपले.

वाचकहो, या ‘बरं’पाशी मी आजही थांबते. मी का गप्प बसले? आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलू नये असे शिकवतात, आणि मी त्यालाच नम्रता समजत होते. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी नम्रता वगैरे काही नव्हते. मला थंडी वाजत होती, मला वाद नको होता आणि ती ऊब मलाही हवी होती. माझ्या गप्प बसण्याला मी नंतर चांगले नाव दिले, एवढेच.

दीडच्या सुमारास मला जाग आली. कारण अगदी साधे. उंचीवर भरपूर पाणी प्यावे असे सांगतात, म्हणून मी दिवसभर पीत होते. डोके ठणकत होते. आधी वाटले, उंचीमुळे असेल. घात इथेच होतो. उंचीचा त्रास आणि त्या वायूचा त्रास सुरुवातीला सारखाच दिसतो, डोकेदुखी, मळमळ, सुस्ती. उठून बसले तर तंबू फिरला. चेन पाहिली, ती पूर्ण बंद होती. झोपेत थंडी वाजली म्हणून कुणीतरी ओढून घेतली असणार. मी ती उघडली, अंगीठी बाहेर ढकलली, आईला हलवले. ती उठून बाहेर गेली आणि बर्फात ओकली. आजीला उठवायला मला तीन हाका माराव्या लागल्या. त्या तीन हाका मी विसरू शकत नाही.

आम्ही चौघी ताईंच्या घरात जाऊन बसलो. त्यांनी दार-खिडकी उघडून दिली, एकही शब्द रागाने बोलल्या नाहीत. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे मोकळ्या हवेत आल्यावरही तो लगेच निघून जात नाही. पहाटेपर्यंत डोकी हलकी झाली. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करायला हवा होता. तोही आम्ही केला नाही.

सकाळी आकाश राखाडी होते आणि पिठासारखा बर्फ भुरभुरत होता. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात इकडे बर्फ घेऊन येतो. तसा एक येत असल्याचा इशारा फोनवर आला होता. तांदी तिथून वीस-बावीस किलोमीटर. काकांनी चाकांच्या साखळ्या बाहेर काढल्या. “एवढ्यासाठी तर ही गाडी घेतली,” ते म्हणाले. ताईंचे यजमान गाड्या चालवणारे. ते चहाचा पेला घेऊन उभे होते. म्हणाले, “जाने को तो चले जाओगे, साहब। लौटने का पता नहीं। फोर बाय फोर चलाने के लिए है, रोकने के लिए नहीं।”

हे वाक्य मला तेव्हा म्हणीसारखे वाटले. नंतर वाचले, तर ती सरळ यांत्रिक माहिती निघाली. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांवर लागतात. फोर बाय फोरमध्ये वेगळे असते ते एवढेच की इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, म्हणून गाडी घसरड्यावरून निघते आणि चढते. थांबताना त्याचा काडीचाही उपयोग नाही. तिथे फक्त टायर आणि रस्ता यांची पकड असते, आणि बर्फाच्या काचेसारख्या थरावर ती जवळजवळ नसतेच. त्यातही साध्या गाडीची चाके निघतानाच फिरतात आणि चालकाला कळते की रस्ता निसरडा आहे. फोर बाय फोर ही सूचना लपवते. चालकाला पहिली बातमी मिळते ती उतारावर ब्रेक दाबल्यावर.

आम्हाला विम्याच्या विषयात एक प्रकरण होते. संरक्षण वाढले की माणूस तेवढाच निष्काळजी होतो का, यावर. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये असे मांडले की गाड्यांमध्ये सुरक्षिततेची साधने सक्तीची केल्यावर चालक अधिक जोराने चालवू लागतात आणि फायद्याचा काही भाग तिथेच खर्ची पडतो. किती भाग, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. परीक्षेत मी याचे उत्तर चांगले लिहिले होते. आणि त्या रात्री त्याच मी, चेन थोडी उघडी आहे या संरक्षणावर झोपले होते.

तर सकाळी मी बोलले. म्हणाले, “मला परत जायचंय.” काका हसले. म्हणाले, रात्रीचे घाबरली आहे. बाबा गप्प. आजी म्हणाली, “इतकं आलोय, जाऊन येऊ. मला काही होत नाही.” मी चुलतभावाला विचारले, “तुला जायचंय का पुढे?” तो बुटाच्या टोकाने बर्फ उकरत म्हणाला, “मला कालपासूनच घरी जायचंय.” तोवर त्याला कुणी विचारलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी साखळ्या परत डिकीत टाकल्या, जरा जोरातच. आम्ही परत फिरलो.

आता वाद कशाचा, ते ऐका. आम्ही बोगद्यातून दक्षिणेकडे बाहेर पडलो तेव्हा बर्फ थांबला होता. मनालीत पोचलो तर ऊन. लाहौलचा रस्ता त्या दिवशी बंद झाला नाही. संध्याकाळी काकांनी इन्स्टाग्रामवर त्याच दुपारचे तांदीच्या संगमाचे फोटो शोधून काढले. निळे पाणी, कडेला पांढरे काठ, हसणारी माणसे, आणि मागे एक छोटी, साधी गाडी. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. म्हणाले, “बघ.”

घरात या सहलीच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अंगीठीची. ती सांगताना सगळे हसतात, विशेषतः मला जाग का आली यावर. शेवटी आजी हात जोडून म्हणते, “विठोबानेच उठवलं हिला.” दुसरी गोष्ट परत फिरण्याची. ती माझ्या भित्रेपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पाहुण्यांनाही. एकीत आम्ही वाचलो म्हणून सगळे ठीक झाले, दुसरीत उगाच परत आलो म्हणून सगळे चुकले.

माझा प्रश्न हा आहे, आपण निर्णय कशावरून तोलतो? अंगीठी तंबूत आणणे हा वाईट निर्णय होता आणि तिचे फळ चांगले मिळाले. परत फिरणे हा मला चांगला निर्णय वाटतो आणि त्याचे फळ वाईट मिळाले, कारण आजीचा संगम राहिला. फळ पाहून मागे गेलो की दोन्हींची किंमत उलटी होते. तत्त्वज्ञानात या कोड्याला नावही आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी त्यावर लिहिले. नेगेलने विचारले ते थोडक्यात असे की, दोन चालक सारखेच बेफिकीर असतील, एकापुढे मूल आले आणि दुसऱ्यापुढे नाही, तर पहिल्याला आपण जन्मभर दोषी धरतो आणि दुसऱ्याला विसरतो, हे कशाच्या जोरावर? दोघांत फरक फक्त योगायोगाचा आहे.

फळाची आसक्ती नको, हे आपण पुष्कळदा ऐकतो, मी तर त्याचे भाषांतरही करते. त्याचा अर्थ मी एवढाच घेत होते की यशाची हाव धरू नये. आता वाटते की त्यात आणखीही काही आहे. फळ बघून कर्माला प्रमाणपत्र देणे हीसुद्धा आसक्तीच आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे जे वर्णन आहे, त्यात फळ काय मिळाले याचा उल्लेख नाही. परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची ताकद यांचा विचार न करता मोहाने सुरू केलेले कर्म, असे ते वर्णन आहे. म्हणजे ज्या क्षणी काकूने अंगीठी उचलली आणि मी ‘बरं’ म्हटले, त्या क्षणी ते कर्म ठरून गेले होते. दीड वाजता मला जाग आली, न आली, त्याने ते बदलत नाही.

विमा घेतला आणि वर्षभर अपघात झाला नाही, तर हप्ता वाया गेला असे शहाणा माणूस म्हणत नाही. हिशोबशास्त्रात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की संभाव्य नफा हातात येईपर्यंत जमेत धरू नये आणि संभाव्य तोट्याची तरतूद मात्र आधीच करावी. तोटा झाला नाही म्हणून तरतूद चुकीची ठरत नाही. आणि ‘इतकं आलोय’ हे कारण तर आमच्याकडे चालतच नाही. झालेला खर्च बुडीत असतो. पुढचे पाऊल पुढच्याच हिशोबावर टाकायचे असते. माझे काका बँकेत आहेत. कर्जदाराने “इतके पैसे घातलेत, आणखी द्या” म्हटले तर ते देणार नाहीत.

पण आता काकांची बाजूही आपल्यासमोर ठेवायला हवी, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, “असा विचार केला तर घरातून बाहेरच पडायला नको. तू नाशिकच्या रस्त्यावर स्कूटर चालवतेस, त्यात धोका नाही?” आहे. बहुधा जास्तच असेल. धोका टाळणे हेच जगण्याचे माप केले तर कुणी वारीलाही जाणार नाही आणि बोगदेही खणले जाणार नाहीत. गीतेत दैवी गुणांची यादी ‘अभय’ या शब्दाने सुरू होते, हे मला काकांनीच सुनावले. मी त्यावर बराच विचार केला. स्कूटरवर धोका माझा असतो आणि तो मी पत्करलेला असतो. गाडीत सात जण होते. आजीने धोका पत्करला होता, समजून-उमजून. चुलतभावाने पत्करला नव्हता. गाडी मात्र एकच होती.

म्हणजे मी आजीच्या इच्छेवर चुलतभावाची भीती ठेवली. हे बरोबर केले का? मला अजून पूर्ण खात्री नाही. त्याला पुढची पन्नास वर्षे आहेत, तांदीला कधीही जाईल. तिला किती आहेत? सावध निर्णयाला किंमत नसते असे म्हणणे खोटे आहे. किंमत होती आणि ती मी भरली नाही, आजीने भरली. मनालीपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. जेवायला थांबलो तेव्हा म्हणाली, “मला भूक नाही.” आजी जेवण नाकारते तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचीच भूक जाते.

आणखीही काही माणसे होती, जी आमच्या गाडीत नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान अचानक झालेल्या बर्फवृष्टीत हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या. गोठलेल्या रस्त्यावर पोलिसांनी रात्री उभे राहून त्या एकेक करत खाली आणल्या. त्या पोलिसांनाही थंडी वाजते, त्यांचेही पाय त्याच बर्फावर घसरतात. मी पुढे गेले आणि अडकले, तर कुणीतरी मला घ्यायला येणारच, या भरवशावर माझे धाडस उभे असेल, तर ते धाडस माझ्या एकटीच्या खात्यावर मांडता येत नाही. त्याच्या पावतीवर आणखी कुणाचेतरी नाव असते आणि त्याला आधी विचारलेले नसते, माझ्या चुलतभावासारखेच.

राहिले आजीचे वाक्य. विठोबाने उठवले. या वाक्याशी मी कधी वाद घातला नाही, घालणारही नाही. त्या रात्री उठवणारे कुणीतरी होते असे मला स्वतःलाही वाटते. पण जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे गेली. त्यात अख्खी कुटुंबे होती, लहान मुले होती. गाडी बर्फात रुतली, उबेसाठी इंजिन चालू ठेवले, सायलेन्सर बर्फाने बुजला, की तोच वायू आत साचतो. काहींचा अंत त्याने झाला असे तेव्हा सांगितले गेले. त्यांच्यातही कुणी आजी असेल. तिनेही झोपण्यापूर्वी हात जोडले असतील. मग ‘आम्हाला वाचवले’ हे वाक्य मी कशा आवाजात म्हणू? म्हणते, पण हळू. आणि ते म्हणताना अंगीठी डोळ्यासमोरून जाऊ देत नाही. आभार मानून झाल्यावर आपण बहुतेकदा तेच करतो, अंगीठी विसरतो. आमच्या घरी ती गोष्ट सांगताना ‘चेन कुणी ओढली’ हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. ‘काकू, बाहेर ठेवू या का’ हे वाक्य तर गोष्टीतून गळूनच गेले आहे. मी ते इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

काकूला हा लेख मी छापण्यापूर्वी वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चेन मीच ओढली होती. तुझ्या आजींना थंडी वाजत होती.” नंतर म्हणाली, “लिही तसंच.” काकांना मात्र अजूनही वाटते की आम्ही सहज जाऊन आलो असतो. ते खरेही आहे. आम्ही सहज जाऊन आलो असतो.

त्यांनी आता जूनचा बेत केला आहे, रस्ते मोकळे असताना. परवा आजीला फोनवर विचारले, येणार का. आजी म्हणाली, तेव्हा गुडघे कसे असतील ते बघू. दोरा बांधलेली ती बाटली तिने देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली आहे, रिकामीच. दर शनिवारी फळी पुसताना ती बाटली उचलते, पुसते आणि परत तिथेच ठेवते.